पबमध्ये जेवायला जाताना

अरे, पब म्हणजे नुसता दारूचा अड्डा हे आधी डोक्यातून काढ. इंग्लंडमध्ये रविवारी दुपारी आजी-नातवंडांसकट अख्खी घरं तिथे संडे रोस्ट, म्हणजे भाजलेलं मांस, बटाटे, भाज्या आणि ग्रेव्ही, खायला येतात. टेबल आधी सांगून ठेव, उशिरा गेलास तर चांगलं ते संपलेलं असतं. बऱ्याच पबांत वेटर येत नाही. टेबलाचा नंबर बघून काउंटरवर ऑर्डर द्यायची, पैसेही तिथेच.

रोस्टबरोबर मिळणारं यॉर्कशायर पुडिंग गोड नसतं बरं का! अंडी, मैदा, दुधाचं सरसरीत पीठ कडकडीत तापलेल्या चरबीत ओततात, ते ओव्हनमध्ये टम्म फुगतं. मधल्या खळग्यात ग्रेव्ही ओतून लगेच खा, मऊ पडलं की मजा गेली. सोबत हॉर्सरॅडिश, म्हणजे एका झणझणीत मुळाचा सॉस, जपून घे, थेट नाकात जातं.

शाकाहारी मित्र बरोबर असेल तर चिप्स (म्हणजे तिथले बटाट्याचे जाड फ्राइज) कशात तळल्यात ते विचारच. उत्तर इंग्लंडात, यॉर्कशायरकडे अनेक ठिकाणी गाईची चरबी वापरतात. ब्लॅक पुडिंग नावाच्या सॉसेजमध्ये तर रक्तच असतं.

आयर्लंडमध्ये सुरुवात सीफूड चाउडर (मासळीचं दाट सूप) आणि सोडा घालून फुगवलेल्या सोडा ब्रेडने कर, लोण्याला हात आखडू नकोस. आयरिश स्ट्यू, म्हणजे मटण-बटाट्याचा रस्सा, मात्र आपल्या जिभेला जरा मिळमिळीत. मिरपूड मागून घे.