इकोत १.१ चं ०.९ झालं: झडप आवळली की माप बदललं?

निपाणीच्या ताई, तुमच्या पत्रात आहे: आईंना एऑर्टिक स्टेनोसिस, म्हणजे हृदयातून महाधमनीत रक्त सोडणारी झडप अरुंद झालेली. जानेवारीत बेळगावात व्हॉल्व्ह एरिया (झडप उघडते ती जागा, चौ. सेंमीत) १.१, सप्टेंबरात कोल्हापुरात ०.९, आणि ‘आठ महिन्यांत मॉडरेटचं सिव्हिअर झालं’ म्हणून घरात धास्ती. पण तुम्हीच लिहिलंय की झडपेतून जाणाऱ्या रक्ताचा स्पीड तेव्हा सेकंदाला ३.१ मीटर होता, आता ३.२. माझ्या मते झडप जवळपास तिथंच आहे, मोजणारा हात बदललाय. (इकोच्या व्हिडिओ क्लिप न बघता लिहितोय, निर्णय तुमच्या कार्डिओलॉजिस्टचा.)

एरिया मशीन थेट मोजत नाही, गणितानं काढतं. झडपेच्या अगदी खालच्या वाटेचा, म्हणजे एलव्हीओटीचा व्यास पडद्यावर दोन टिंबं ठेवून मोजतात, आणि गणितात त्याचा वर्ग होतो. समजा खालचा व्हीटीआय (एका ठोक्यात रक्त तिथून किती सेंटीमीटर पुढं जातं तो आकडा) २० आणि झडपेतला ६२. व्यास २.१ सेंमी घेतला तर एरिया येतो १.१, तोच १.९ घेतला तर ०.९. टिंब दोन मिलिमीटर इकडंतिकडं, आणि रिपोर्टवर शब्द बदलला! २० भागिले ६२ म्हणजे ०.३२ मात्र दोन्हीकडं तेच. हा डीव्हीआय. तो ०.२५ च्या खाली गेला की मामला गंभीर. तुमच्या दोन्ही रिपोर्टांतून आधी हा काढा.

स्पीड ४ किंवा वर, मीन ग्रेडियंट (झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला सरासरी फरक) ४० किंवा वर, एरिया १.० किंवा खाली, या सिव्हिअरच्या हद्दी. एकटा एरियाच पलीकडं गेला असेल तर आधी व्यास तपासायचा. अपवाद आहे: ईएफ (हृदय दर ठोक्याला आतल्या रक्ताचा किती टक्के भाग बाहेर टाकतं ते) कमी असेल किंवा हृदय एका ठोक्याला रक्तच थोडं ढकलत असेल, तर झडप खरोखर अरुंद असूनही स्पीड कमी दिसतो. प्रोब नीट रेषेत नसला तरी स्पीड कमीच येतो, म्हणून उजव्या कुशीवर वळवून छातीच्या उजव्या बाजूनंही घेतला का ते विचारा. घाईच्या ओपीडीत हे राहूनच जातं.

आता खरी चीड. एका सेंटरनं आम्हाला नुसता एक पानाचा छापील रिपोर्ट दिला, त्यात व्यासच नाही. क्लिप मागितल्या तर ‘मशीन भरलं की जुनं पुसतो’. मग तुलना कशाशी करायची? सगळी तपासणी पुन्हा, पैसे पुन्हा. म्हणून इको झाल्या दिवशीच डायकॉम फाइलींची (मशीनमधल्या मूळ क्लिपांची) सीडी मागा. पेन ड्राइव्ह व्हायरसच्या भीतीनं बरेच जण लावत नाहीत, आणि पडद्याचा मोबाइलवर काढलेला फोटो फारसा कामाचा नाही. थर्मल कागदावरचे प्रिंट पुसट होतात, लगेच झेरॉक्स काढा. वहीत तारीख, बीपी, नाडी, व्यास, स्पीड, मीन ग्रेडियंट, डीव्हीआय, ईएफ. बीपी विसरू नका, १८० असताना काढलेला इको फसवतो. नाडी अनियमित असेल तर निदान पाच ठोक्यांची सरासरी हवी.

पुढचा इको शक्यतो त्याच ठिकाणी. मॉडरेटला वर्ष-दोन वर्षांनी, सिव्हिअरला सहा ते बारा महिन्यांनी, असा साधारण रिवाज. आकडे जुळतच नसतील तर सीटीवर झडपेचा कॅल्शियम स्कोअर, म्हणजे झडपेवर किती कॅल्शियम साचलंय त्याचा आकडा. त्याला इंजेक्शनचा डाय लागत नाही. बायकांत १२००, पुरुषांत २००० च्या वर असेल तर सिव्हिअरची शक्यता जास्त. चिठ्ठीवर ‘एऑर्टिक व्हॉल्व्ह’ स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर हमखास कोरोनरीचा (हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा) स्कोअर हातात पडतो.

आणि जिना चढताना दम, छातीत दुखणं, चक्कर यातलं काहीही नव्यानं सुरू झालं तर वही बाजूला ठेवा, पुढच्या इकोची तारीख बघत बसू नका.

जाता जाता: महाराष्ट्रानं कर्नाटकातल्या सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले योजना (सरकारी मोफत उपचारांची) जाहीर केलीय, पण तिच्या भरवशावर कोल्हापुरात ॲडमिट होण्याआधी त्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) कागद दाखवून खात्री करा. कानडी रेशनकार्डावरचं आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर ते आत्ताच दुरुस्त करून घ्या.