१३ वर्षांच्या मुलीच्या कण्याला २८ अंशांचा बाजूला झुकणारा बाक (स्कोलिओसिस) आहे. ब्रेस, म्हणजे धडाभोवती घालायचा कडक आधार, लावून खरंच फरक पडतो का?

पडतो, पण तो अंगावर राहिला तर. भक्कम पुरावा म्हणजे २०१३ साली प्रसिद्ध झालेला अमेरिका-कॅनडातला अभ्यास. त्यात १० ते १५ वयाची, २० ते ४० अंशांचा बाक असलेली मुलं होती. हाडांची वाढ संपेपर्यंत बाक ५० अंशांच्या आत राहिला, असं प्रमाण ब्रेसवाल्यांत ७२ टक्के, नुसत्या देखरेखीखालच्यांत ४८. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवला.

ब्रेसमध्ये तापमान टिपणारा सेन्सर बसवला होता, त्यामुळे "घातला होता की!" ही थाप चालायची नाही. सांगितले होते किमान १८ तास. रोज सरासरी १३ तासांच्या आसपास घालणाऱ्यांतही यश ९० टक्क्यांवर गेलं.

आता ते ४८ टक्के बघा. जवळपास निम्म्या मुलांचं ब्रेसशिवायही भागलं! म्हणून डॉक्टरांना आधी विचारा, वाढ किती उरली आहे? कंबरेच्या हाडाच्या एक्स-रेवरून आणि पाळी सुरू झाली का, यावरून अंदाज येतो. ब्रेसमुळे पाठ सरळ होईल ही अपेक्षा मात्र नको. काम बाक वाढू न देण्याचं. आत बिनशिवणीचा सुती बनियन घाला, उन्हाळ्यात घामोळ्यांनीच मुली ब्रेस काढून ठेवतात.