निदान: आधी दावं, मग कारण, मग डायग्नोसिस

प्रश्न असा आहे: वैद्यकीय अहवालात ‘इटिऑलॉजी’ असं लिहिलेलं असतं, त्याला मराठीत ‘निदान’ म्हणावं का?

आजच्या मराठीत नको. हजार वर्षांपूर्वी विचारलं असतंत तर खुशाल म्हणा म्हटलं असतं. रुग्णाला हिवताप आहे हे ओळखणं म्हणजे डायग्नोसिस. तो प्लाझमोडियम या परजीवीमुळे होतो, ही इटिऑलॉजी. आपण ‘निदान’ पहिल्यासाठी वापरतो, पण तो शब्द मुळात दुसऱ्याचा. आणि वापरतो तेही धड नाही. ‘त्यांना मधुमेहाचं निदान झालं’ हे रोज कानावर आदळतं. अहो, माणसाला मधुमेह होतो, निदान होत नाही! ‘मधुमेह असल्याचं निदान झालं’ म्हणायला कितीसा वेळ लागतो?

आयुर्वेदातल्या निदानपंचकात निदान, पूर्वरूप (रोगाची आधीची चाहूल), रूप (लक्षणं), उपशय (कशाने बरं वाटतं ते) आणि संप्राप्ती (रोग कसा घडत गेला ते) अशी पाच अंगं आहेत. त्यातलं पहिलं निदान म्हणजे निव्वळ रोगाचं कारण. या पाचांवरून रोग ओळखायचा, म्हणून एकाचं नाव सगळ्या खटाटोपाला चिकटलं. माधवकर या जुन्या वैद्याने आपल्या ग्रंथाला ‘रोगविनिश्चय’ असं नेमकं नाव दिलं होतं. लोकांनी त्याचं ‘माधवनिदान’ केलं. सुश्रुतसंहिता मात्र मूळ अर्थाला धरून आहे: ‘संक्षेपतः क्रियायोगो निदानपरिवर्जनम्’, म्हणजे थोडक्यात सांगायचं तर कारण टाळणं हाच उपचार. इथे आजचा अर्थ घालून वाचा: तपासणीला जाऊच नका! आमच्या घरातले बरेच पुरुष सुश्रुताच्या या पंथाचे अनुयायी आहेत.

अमरकोश हा जुना संस्कृत कोश ‘निदानं त्वादिकारणम्’, म्हणजे निदान हे आदिकारण, म्हणून मोकळा होतो. आपट्यांचा संस्कृत कोश रोगाच्या कारणांचा शोध आणि रोगाची ओळख असे दोन्ही अर्थ ओळीने देतो, जणू दोन्ही एकाच वयाचे. आपट्यांबद्दल आदर आहे, पण एवढ्यावर भागत नाही. ‘आदिकारण’ हा अर्थ तरी आला कुठून?

तर ऐका. ‘नि’ आणि बांधणे या अर्थाचा ‘दा’ धातू. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडळात ‘उदुस्रियाणामसृजन्निदानम्’ असं आहे: गायींचं निदान सोडलं. निदान म्हणजे दावं! त्याच धातूचं ‘दामन्’, त्यावरून आपलं दावं आणि दावण, आणि यशोदेने पोटाला दोर बांधला तो दामोदर. जनावर कशाला बांधलंय हे बघायचं तर दावं धरून खुंट्यापर्यंत जायचं. रोगाचंही तसंच, म्हणून ‘बंधन’ या अर्थावरून ‘कारण’ हा अर्थ आला. बौद्धांची बारा निदानं हीसुद्धा एकीला एक बांधलेली कारणांची माळच आहे.

आता ‘निदान फोन तरी करायचास’ मधलं निदान. ते वेगळं आहे, योगायोगाने सारखं दिसतं, असं सांगणारे भेटतात. मला ते साफ अमान्य. संस्कृत कोशांत निदानाचा ‘शेवट’ असाही अर्थ आहे आणि जुन्या हिंदीत ‘निदान’ म्हणजे ‘अखेर’. माझ्या मते हा शेवटही दाव्याचाच: दावं संपलं की जनावर पुढे जाऊ शकत नाही. शेवट, मग शेवटची मर्यादा, मग ‘याहून कमी चालणार नाही’. म्हणजे डॉक्टरचं निदान आणि आईच्या रागावण्यातलं निदान एकाच गोठ्यातले. ‘दा’ म्हणजे देणे धरून कुणी इथे दानधर्म आणू पाहील, तर त्याने आधी वरची ऋचा वाचावी.

हां, इटिऑलॉजी. ग्रीक ‘ऐतिआ’ म्हणजे कारण, आणि दोष किंवा आरोपसुद्धा. मराठीत सरळ ‘रोगाचं कारण’ म्हणा, शास्त्राचं नाव हवं असेल तर ‘रोगहेतुविज्ञान’. अहवालात त्या शब्दापुढे ‘अननोन’ लिहिलं असेल, तर रोग ओळखता आला नाही असं समजून घाबरू नका. रोग ओळखलेला असू शकतो, कारण तेवढं सापडलेलं नसतं.