दोन सेमिस्टरच्या एसजीपीएची सरासरी काढली तर ७.५० येते, मार्कशीटवर सीजीपीए ७.४५ का?

एसजीपीए म्हणजे एका सेमिस्टरची ग्रेड सरासरी, सीजीपीए म्हणजे सगळ्या सेमिस्टरची मिळून. फरक पडतो कारण दोन्ही सेमिस्टरचे क्रेडिट (विषयांना दिलेलं वजन) सारखे नाहीत. तुमचे आकडे असे आहेत: पहिल्यात २० क्रेडिट, एसजीपीए ८, दुसऱ्यात २४ क्रेडिट, एसजीपीए ७. २० × ८ = १६० आणि २४ × ७ = १६८. बेरीज ३२८, भागिले ४४, म्हणजे ७.४५. मार्कशीट बरोबर आहे.

एसजीपीएसुद्धा असाच निघतो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दहा गुणांच्या पद्धतीत ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, असं उतरत पी ४ आणि नापास ०. प्रत्येक विषयाचा ग्रेड पॉइंट गुणिले क्रेडिट, मग एकूण क्रेडिटने भागायचं. म्हणून ४ क्रेडिटच्या विषयात एक ग्रेड वर गेलात तर २ क्रेडिटच्या विषयापेक्षा दुप्पट फायदा होतो. परीक्षेआधी वेळ वाटताना हे नक्की बघा, बरीच मुलं इथेच मार खातात.

एक्सेलमध्ये विषय, क्रेडिट, ग्रेड पॉइंट आणि गुणाकार एवढे रकाने पुरेत. सेमिस्टर संपलं की गुणाकारांची बेरीज जपून ठेवा, नुसता एसजीपीए नको. राउंडिंगचा फरक टळतो.

सीजीपीएवरून टक्के काढताना मात्र सीबीएसई दहावीचं जुनं, सीजीपीएला ९.५ ने गुणायचं सूत्र लावू नका. तुमच्या विद्यापीठाचंच सूत्र वापरा.