उत्तर: 'वाऱ्यावरची वरात'ची बुरशी लागलेली कॅसेट – आवाज 'साफ' करायला देऊ नका

वडिलांनी दूरदर्शनवरून टेप केलेली 'वाऱ्यावरची वरात', कॅसेटच्या खिडकीतून दिसणारे पांढरे ठिपके आणि "चांगल्या स्टुडिओत दिली तर चालेल ना?" हा तुमचा प्रश्न. वाचून राहवलं नाही. याच कार्यक्रमाच्या कॅसेटचं आमच्याकडे वाटोळं झालंय.

ठिपके म्हणजे बुरशी. ती व्हीसीआरमध्ये घालायची नाही, हे तुम्हाला माहीत असेलच.

आम्ही दिली ती नावाजलेल्या ठिकाणी. नाव लिहीत नाही. फीत त्यांनी नीट पुसली, चित्रही बरं आलं. पण आवाजाला नॉइज रिडक्शन (खरखर काढायची प्रक्रिया) असं लावलं की प्रेक्षकांचा हशा खरखरीबरोबर गेला. पुलं वाक्य टाकतात, थांबतात आणि समोर चिडीचूप. हशा ओसरायला लागला की नेमकं पुढचं वाक्य यायचं, ती सगळी लय त्या थांबण्यात होती. आता ऐकताना वाटतं, माणूस वाक्यच विसरला. श्रीकांत मोघ्यांचे बोरटाके गुरुजी, ज्यांच्यावर आमच्या घरी सगळे हमखास हसायचे, ते रिकाम्या सभागृहात बोलल्यासारखे वाटतात. पेटीचा सूर भाता सोडल्यावर हळूहळू विरतो, तो मध्येच कापल्यासारखा तुटतो. वर चित्र ताणून रुंद टीव्हीच्या मापाचं केलं, त्यामुळे सगळ्यांचे चेहरे पसरट.

मूळ फाइल मागितली तर म्हणाले, जागा फार खाते, उडवली. मग कॅसेट मागितली. ती टाकून दिली होती! "डिजिटल झाल्यावर कोणी नेत नाही" हे उत्तर. न विचारता दुसऱ्याच्या घरची वस्तू टाकायचा अधिकार यांना दिला कोणी? अजून राग येतो.

कुणी म्हणेल, नेटवर मिळतं की हे सगळं. मिळतं. पण आमच्या कॅसेटवर आधीची निवेदिकेची घोषणा होती, आणि वडिलांनी घाईत बटण दाबल्यामुळे कार्यक्रमाआधीच्या बातम्यांचा तुकडाही होता. तो कुठून आणू?

माझं ठाम मत: गाणं आणि विनोद एकत्र असलेल्या कार्यक्रमात प्रेक्षकांचा आवाज हा कार्यक्रमाचाच भाग आहे. खरखर राहिली तरी चालेल, हशाला हात लावू देऊ नका. पावतीवरच लिहून घ्या: काहीही न सुधारलेली मूळ फाइल हवी, चित्र ४:३ (जुन्या टीव्हीचं रुंदी-उंचीचं प्रमाण), पाल (आपल्याकडच्या जुन्या टीव्हीच्या) पद्धतीचं, ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींचं) तसंच ठेवायचं, एफएफव्ही१ किंवा तत्सम लॉसलेस (काहीही न गाळणाऱ्या) स्वरूपात, आणि कॅसेट परत. तासाला साधारण ३० जीबी लागतील, हार्ड डिस्क तुम्हीच न्या. सुधारणा करायचीच तर त्या फाइलच्या प्रतीवर, नंतर, सावकाश. नुसती डीव्हीडी करून देतो म्हणाले तर तिथून उठा, ती लॉसलेस नसते.

मी या धंद्यातला नाही, फीत जास्त खराब असेल तर जाणकाराचंच ऐका. तोवर कॅसेट उभी ठेवा, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात, आणि घरातल्या चांगल्या कॅसेटींपासून लांब. मागच्या कडेची रेकॉर्डची प्लॅस्टिकची छोटी पट्टी तोडलेली नसेल तर आजच तोडा, म्हणजे चुकून वरून काही टेप होणार नाही.

जाता जाता, तुम्ही फाइल यूट्यूबवर टाकायचं म्हणताय. मी वकील नाही, पण आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. पुलं २००० साली गेले, म्हणजे संहितेचा हक्क २०६० अखेरपर्यंत आहे, प्रक्षेपणाचे हक्क वेगळे. घरच्यांपुरती ठेवा.

आणि फाइल घ्यायला जाल तेव्हा हेडफोन न्या. मधला एखादा हशाचा भाग तिथेच बसून ऐका, मगच पैसे द्या.