सव्वातीन किलोचा कॅमेरा आणि पेन्सिलीएवढे पाय

प्रश्न: दादा नमस्कार. मी नाशिकलाच, इंदिरानगरला राहतो. कॅमेरा निकॉन डी८५०, लेन्स २४-७० एमएम आणि लांबच्या पक्ष्यांसाठी २००-५०० एमएम झूम. दर रविवारी कुठला ना कुठला गड असतो, थंडीत नांदूर मध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य. जुना अॅल्युमिनियमचा ट्रायपॉड (कॅमेऱ्याची तिपाई) पावणेतीन किलोचा आहे, परवा हरिहरच्या पायऱ्या चढताना तो पाठीवरून सारखा कातळाला आपटत होता, तेव्हाच ठरवलं की हा आता घरी बसणार. ऑनलाइन एक किलोचा बघितलाय, बॉक्सवर १२ किलो पेलतो असं लिहिलंय, किंमतही खिशाला परवडणारी आहे. घेऊन टाकू का? की कार्बन फायबरलाच पैसे घालू?

उत्तर: थांबा जरा, ऑर्डर टाकू नका. बॉक्सवरचा तो १२ किलोचा आकडा कसा मोजायचा याचा सगळ्या कंपन्यांना लागू असा काही नियम नाहीये, जो तो आपापल्या पद्धतीने मोजतो. शिवाय "पेलतो" म्हणजे काय, तर वजन ठेवलं की मोडत नाही, एवढंच. आपल्याला न मोडणारा नको, न हलणारा पाहिजे ना!

तुमचंच वजन करू. कॅमेऱ्याची बॉडी बॅटरीसकट साधारण एक किलो, २००-५०० लेन्स २.३ किलो, झाले सव्वातीन. आणि खरी गोम वजनात नाहीये, लेन्सच्या लांब पल्ल्यात आहे, पूर्ण झूम करून ५०० एमएमला पाय केसभर हलला तरी फोटोत तो दिसतो, त्यात तुमचा कॅमेरा ४५.७ मेगापिक्सेलचा, तो काहीच झाकून घेत नाही.

आता पाय बघा. एक किलोच्या ट्रायपॉडला बहुतेक वेळा पाच घड्यांचे पाय असतात, कारण मिटल्यावर बॅगेत मावला पाहिजे. वरची नळी ठीक असते, पण प्रत्येक घडी वरच्या नळीच्या आत जाणार म्हणजे ती बारीकच होत जाणार, आणि सगळ्यात खालची पार पेन्सिलीएवढी. नळीची जाडी तीच ठेवून व्यास निम्मा केला तर तिचा ताठपणा साधारण आठपट कमी होतो. म्हणून दुकानात गेलात की सगळे पाय पूर्ण उघडा आणि सगळ्यात खालच्या नळीला हात लावून बघा, वरची नळी दाखवायला तर सगळेच पुढे असतात.

माझ्याकडे पूर्वी असाच एक होता, घेताना भारी खूश होतो. संध्याकाळी गोदाघाटावर रामकुंडाच्या बाजूला दिव्यांचा फोटो, आठ सेकंदांचं एक्सपोजर (तेवढा वेळ शटर उघडं), आणि उंची पुरत नाही म्हणून मधला दांडा पूर्ण वर काढलेला. घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर बघतो तर प्रत्येक दिव्याला जुळं झालेलं. वाराही फार नव्हता हो, शेजारून माणसं चालत होती तेवढंच.

तेव्हापासून मधला दांडा वर काढायचा नाही हा माझा नियम. तो काढला की तीन पायांवर एक काठी उभी राहते आणि काठीच्या टोकावर कॅमेरा. म्हणून उंची बघताना दांडा न काढता किती होते ते विचारा. तुम्ही साधारण साडेपाच-पावणेसहा फूट असाल तर पाय १३० सेंटिमीटरच्या आसपास पुरतात, वर हेड (कॅमेरा बसतो तो फिरता भाग) आणि कॅमेऱ्याची उंची धरून जवळजवळ डोळ्यापर्यंत येतं सगळं.

दुकानात एक टेस्ट करा, स्वतःचाच कॅमेरा आणि लेन्स घेऊन जा, लाजू नका. लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर दिसणारं चित्र) चालू करा, पूर्ण झूम करा आणि पायाला टिचकी मारा. स्क्रीनवरचं चित्र किती वेळ थरथरतं ते मोजा. दोन ट्रायपॉड शेजारी ठेवून हे केलंत की बॉक्स वाचायची गरजच राहणार नाही.

कार्बनचं म्हणाल तर हो, घाला पैसे. तेवढ्याच ताठपणाला अॅल्युमिनियमपेक्षा हलका, थरथर लवकर विझते आणि डिसेंबरातल्या पहाटे हाताला बर्फासारखा लागत नाही. पण बारीक पायांचा कार्बन घेण्यापेक्षा जाड पायांचा अॅल्युमिनियम केव्हाही बरा. माझं मत विचाराल तर चार घड्यांचा, वरची नळी २८ एमएमची, हेडसकट दीड ते पावणेदोन किलो, यापेक्षा हलका तुमच्या कॅमेऱ्याला नको. पीक डिझाइनचा कार्बनवाला १.२९ किलोचा आहे, मिटल्यावर ३९ सेंटिमीटर, बनावट छानच, पण घड्या पाच. तुमच्या २४-७० ला चालेल, ५०० एमएमला त्याच्यावर मी तरी भरवसा ठेवणार नाही.

नांदूरला तर मी ट्रायपॉड नेतच नाही. एक मोनोपॉड (एकाच पायाचा स्टँड), आणि शिवलेली कापडी पिशवी, रिकामी न्यायची, वाटेत निफाडला दोन-तीन किलो तांदूळ घेऊन भरायची, गाडीच्या खिडकीवर किंवा बांधावर ठेवायची आणि त्यावर लेन्स. तांदूळ परत घरी येतात, घरच्यांची तक्रार नाही.

अंजनेरीवर पावसाळी वाऱ्यात मधल्या हुकला बॅग टांगाल तर ती झुलू देऊ नका, जमिनीला जरा टेकू द्या, नाहीतर तीच ट्रायपॉडला हलवत बसते. व्हीआर (लेन्समधली थरथर सावरणारी सोय) बंद, आणि मिरर-अप (आतला आरसा आधीच वर उचलून ठेवणं) किंवा दोन सेकंदांचा टायमर. आणि उभ्या फोटोसाठी एल-प्लेट (कॅमेऱ्याच्या तळाला आणि बाजूला बसणारी काटकोनी पट्टी) घ्या, २४-७० ला कॉलर (लेन्सभोवतीचं, ट्रायपॉडला जोडायचं कडं) नसते, कॅमेरा कुशीवर वळवला की सगळं वजन एका बाजूला लोंबतं.

प्रश्न: सातपूरहून लिहितोय. ट्रायपॉडचं बॉल हेड (गोळ्यावर फिरणारं हेड) कितीही घट्ट केलं तरी हात सोडला की फ्रेम थोडी खाली उतरते. तेल घालू का?

उत्तर: अजिबात नको! मी घातलं होतं एकदा, शिलाई मशीनचं, त्यानंतर कॅमेरा मान टाकायला लागला. बॉल कोरड्या सुती कापडाने पुसा, धूळ आणि हाताचा तेलकटपणा गेला पाहिजे. लेन्सला कॉलर असेल तर प्लेट (हेडवर अडकवायची पट्टी) बॉडीला न लावता कॉलरला लावा आणि पुढे-मागे सरकवून तोल साधा, हात सोडल्यावर हेड सैल असतानाही कॅमेरा फार झुकत नाही अशी जागा सापडते. प्लेटचा स्क्रूही नाण्याने आवळून घ्या, बऱ्याचदा दोष हेडचा नसतोच, ढिली प्लेट असते. एवढं करूनही उतरतच असेल तर हेड तुमच्या लेन्सला लहान पडतंय, मोठ्या बॉलचं बघा.