वनस्पतींवरील शोधप्रयोगांचे प्रशिक्षण शिक्षकाने कसे निवडावे?

गोव्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवणाऱ्याने वनस्पतींवरील शोधप्रयोगांचे प्रशिक्षण निवडताना काय पाहावे, असे तुम्ही विचारले आहे. मी हा विषय बार्देशात बरीच वर्षे शिकवला आहे. उत्तर आधी ठाऊक नसलेला प्रश्न शिक्षक स्वतः मांडतो आणि त्याचा प्रयोग शेवटापर्यंत नेतो, असेच प्रशिक्षण घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षण घेणे अपेक्षित आहे. ते तास व्याख्याने ऐकूनही भरतात, पण त्याने प्रयोगाची नजर येत नाही.

आपल्या खाजनांचेच, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खारवट शेतजमिनींचेच पाहा. खारेपणा सोसणारे कोरगुट आणि नेहमीचे ज्योती या दोन भातांचे बियाणे ताटल्यांत रुजत घालावे. काही ताटल्यांना साधे पाणी द्यावे, काहींना लिटरमागे ५ किंवा १० ग्रॅम मीठ विरघळवलेले. नुसते कोंब मोजून थांबल्यास दोन्ही वाणांत फारसा फरक न दिसण्याचा संभव असतो, कारण भात रुजताना खारेपणा बराच सोसते. तो जास्त जाचतो दोन-तीन पानांच्या रोपट्याला. म्हणून रोपे पुढे वाढवून मुळांची लांबी मोजावी आणि पानांची टोके करपतात का, हे रोज नोंदवावे. येथेच नमुन्याचा प्रश्न उभा राहतो: एका ताटलीतले वीस दाणे म्हणजे वीस स्वतंत्र प्रयोग नव्हेत, कारण त्या सगळ्यांच्या वाट्याला तेच पाणी, तोच उजेड आणि तीच बुरशी येते. हे ज्या शिक्षकाला स्वतःच्या आकड्यांतून उमगले, तोच विद्यार्थ्याच्या वहीतला घाईचा निष्कर्ष नेमका ओळखू शकतो. चोडण बेटावर खाडीकाठी तिवर आणि कांदळ ही खारफुटीची झाडे आहेत; तिवराच्या पानांवर मिठाचे कण दिसतात, कांदळाच्या पानांवर दिसत नाहीत. तेवढ्यावरूनही चांगला प्रश्न तयार होतो.

दुसरी कसोटी संशोधकाच्या सोबतीची. अमेरिकेत तेथील वनस्पतिशास्त्र संस्थेच्या 'प्लांटिंगसायन्स' या उपक्रमात शास्त्रज्ञ विद्यार्थ्यांच्या गटांना ऑनलाइन मार्गदर्शन करतात, आणि त्याच्याच एका प्रकल्पात शिक्षक व तरुण संशोधक यांना एकत्र प्रशिक्षण दिले गेले. आपल्याकडे ताळगावचे गोवा विद्यापीठ आणि जुने गोवे येथील किनारी कृषी संशोधन संस्था हाकेच्या अंतरावर आहेत. त्यामुळे नाव नोंदवण्यापूर्वी आयोजकांना विचारा, की कार्यशाळा संपल्यावर आमच्या वर्गातील प्रयोगाच्या नोंदी कोण आणि किती महिने पाहणार आहे.